टिकाऊ वस्तू

दुरुस्तीवाल्या मावशी एका जुन्या पंख्याचं वाइंडिंग करत बसल्या होत्या. तेवढ्यात समोरच्या शोरूमचे शेठ तणतणत आले आणि त्यांनी काउंटरवर पेपर आपटला.

"वाचा! सरकारी अहवाल आलाय. फ्रिज, मिक्सर, पंखे... टिकाऊ वस्तूंच्या खरेदीत आपला भाग सगळ्यात खाली. मागासलेला म्हणे! अहो, लोक नवं घेणार कधी? तुम्ही जुनं मरू द्याल तेव्हा ना! गाळा माझा आहे, महिनाअखेर रिकामा करा."

बावीस वर्षं याच गाळ्यावर घर चाललं होतं. तरी मावशींचा हात काही थांबला नाही.

"शेठ, टिकाऊ म्हणूनच विकता ना? मग टिकल्या की रडता कशाला?"

शेठ पाय आपटत निघून गेले. पेपर तिथेच राहिला.

***

एक तारखेला मागच्या गल्लीत मावशींचं नवं दुकान उघडलं. दारावर तीच बातमी फ्रेम करून लावली होती आणि खाली लाल रंगात लिहिलं होतं, "आमच्या कामाची सरकारी पावती."