रिकाम्या नळ्या

किटलीचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे दिलोरोमनं टेबलावरच्या फोटोवरून नजर उचलली. समोर तिच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस सलोमत-ओपा, म्हणजे सलोमतताई, बसल्या होत्या. रविवारी सकाळी, न कळवता, दोन बस बदलून घरी आल्या होत्या. येताना नान आणि जर्दाळू आणले होते, आणि हा फोटो.

दिलोरोमनं गॅस बंद केला. चहा ओतताना ओपांचा प्याला तिनं काठोकाठ भरला. ताश्कंदात मानाच्या माणसाला अर्धाच प्याला देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. भरलेल्या प्याल्याचा अर्थ एवढाच, की प्या आणि निघा. ओपांना तो बरोबर कळला. त्यांनी प्याला हळूच बाजूला सरकवला आणि बसून राहिल्या.

"हे करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"मग?"

"कपाशीवर काहीही फवारलं की एक ओळ कोरी ठेवायची. तीस वर्षं तेच केलं. आता हात ऐकत नाहीत."

दिलोरोमला हसूच आलं. जी बाई बाटल्या धुते, पानांना पिचकारी लावते, भिंगाखालचे फोटो काढायला कालपरवा शिकली, ती कोरियात चार वर्षं शिकून आलेल्या माणसाला शेतातल्या ओळी शिकवत होती.

दोन वर्षं दिलोरोम एकाच गोष्टीमागे होती. कर्बाच्या नळ्या, केसाच्या पन्नास हजाराव्या हिश्शाएवढ्या बारीक. त्यांना लेप द्यायचा, लेपाला जनुक चिकटवायचं आणि पानात सोडायचं. नळी पेशीची भिंत भेदून जाते. जनुक आत पोचलं की भिंगाच्या निळ्या दिव्याखाली पेशी हिरवी चकाकते. तिच्या फोटोत कपाशीच्या पेशी चकाकत होत्या. उद्या अकादमीच्या परिषदेसमोर ती तो एकच फोटो घेऊन उभी राहणार होती. त्यावर पुढची सगळी वर्षं ठरणार होती.

आणि ओपांनी आपल्या मनानं एका पानात नुसत्या लेप दिलेल्या नळ्या सोडल्या होत्या. जनुक नाहीच. असं पान दिलोरोमच्या यादीतही आधी होतं, तिनंच ते खोडलं होतं. रिकाम्या नळ्या चकाकत नाहीत हे दहा जणांनी छापलंय, पुन्हा तेच उगाळत बसायला वेळ कुणाला?

ओपांचं रिकामं पान हिरवं चकाकत होतं.

"कुप्यांची अदलाबदल झाली असेल," दिलोरोम म्हणाली. "होतं असं, वय झालं की."

"नवी कुपी फोडली. जनुकं कुलपात होती. किल्ली तुमच्या पर्समध्ये."

"मग भिंग धड लावलं नसेल."

"तेही असेल. पण दिलोरोमखोन, ते पान बरं नव्हतं. तुमचंही बरं नव्हतं. तो लेप त्यांना सोसत नाही. मरायला टेकलेलं पान त्या दिव्याखाली आपलं आपण उजळतं. कीड लागलेल्या पानांत पाहिलंय मी."

"ताप मोजलात का पानाचा?"

ओपांनी नानचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "मला काय बोलायचं ते बोला. उद्या तेवढ्या उभ्या राहू नका."

"अच्छा. म्हणजे मी कधी उभी राहायचं, कधी बसायचं, हे आता बाटल्या धुणारे ठरवणार."

ओपांनी टेबलावर सांडलेला नानचा चुरा तळहातानं गोळा केला. त्या शांतपणाचीच दिलोरोमला जास्त चीड आली. तिनं पर्समधून आपला फोटो काढला. दोन्ही एकाच मापाचे, एकाच यंत्रातून छापलेले.

"मला नका पटवू. माझी पाच वर्षांची पोर सांगेल यांतला फरक. इरोदा, इकडे ये बाळा."

इरोदा आतून आली. एका पायात मोजा, एक वेणी सुटलेली, दुसरी घातलेली. दिलोरोमचा आवाज आपोआप मऊ झाला. तिनं पोरीला खुर्चीवर गुडघ्यांवर बसवलं, डोळ्यांवरची बट कानामागे सारली, हनुवटीवर वाळलेलं दही नखानं काढलं. मग दोन्ही फोटो पालथे घालून पत्त्यांसारखे पिसले, दोनदा, तीनदा, ओपांना नीट दिसेल असे. पुन्हा सरळ करून शेजारी शेजारी ठेवले.

"यांतल्या एका पानात तुझ्या ओयीनं एक छोटीशी गंमत लपवली आहे. ते पान हिरवं चमकतं. दुसऱ्यात काहीच नाही. या आजींना दाखव बघू कुठलं ते."

इरोदानं दोन्ही गाल तळहातांत धरले. अंगणात मुंग्यांची रांग बघते तशी ती बघत राहिली. आधी एक, मग दुसरं. मग परत पहिलं. ओठ हलत होते, ठिपके मोजत असावी.

"दोन्ही चमकतायत."

"नीट बघ, राणी. घाई नाही."

"बघितलं नीट. तुम्ही दाखवा."

"हे बघ," म्हणत दिलोरोम वाकली आणि तिनं बोट पुढे केलं. बोट डावीकडच्या फोटोवर गेलं. थांबलं. उजवीकडे सरकलं. तिथंही टेकलं नाही. ती आणखी खाली वाकली, इतकी की तिचे केस टेबलाला लागले. दोन्हीकडे तोच हिरवा, तसेच ठिपके, पेशींच्या कडांशी तसाच दाट झालेला.

सलोमत-ओपांनी मान वळवली आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

इरोदानं आईची बाही ओढली.

"ओयी, यांतलं तुमचं कुठलं?"