व्हॅनची वायर

कॅनडातल्या सस्कॅचवानच्या गावोगावच्या हॉलमध्ये आम्ही दोघी बहिणी गिटारवर गायचो, पण विनिपेगच्या रेकॉर्डिंगवाल्यांनी बोलावलं फक्त धाकट्या लारिसाला. गिटार धरायला शिकवलं मी, आणि नाव होणार हिचं! उणे चाळीसच्या थंडीत इंजिन ऊबदार ठेवायला रात्रभर विजेची वायर जोडली नाही, तर सकाळी गाडी हलत नाही. ती निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्या व्हॅनची वायर काढून ठेवली. व्हॅन गोठली, विनिपेग हुकलं. “निसटली असेल गं, ताई,” एवढंच म्हणून ती दिवसभर स्वयंपाकघरात बसली आणि तिनं गोठलेल्या व्हॅनवरच गाणं रचलं. तेच गाणं आता देशभर वाजतंय, आणि मी दातओठ खात टाळ्या वाजवतेय. काल कार्यक्रमानंतर तिनं मिठी मारली. “ताई, हे सगळं तुझ्यामुळेच.” “माझ्यामुळे कसं?” ती हसली. “निसटलेली वायर कधी स्वतःच वेटोळं करून खिळ्यावर जाऊन बसते का गं?”