साखळीच्या खाली

रतन पुन्हा सगळ्यांच्या पुढे निघून गेली होती.

"अगं, जरा दमानं!" खालून सहादेवची हाक आली. "पाहुण्याला कळसूबाई दाखवायला आणलंय, तुझी पाठ नव्हे!"

ती थांबली. थांबल्याबरोबर पाय कापायला लागले. चालताना कापत नव्हते, म्हणून सकाळपासून ती कुठे बसलीच नव्हती. बारी गाव सोडलं तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. वाटेत दोनदा सगळे पाणी प्यायला टेकले, तेव्हाही ती उभीच होती. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा.

पाहुणा धापा टाकत वर आला. डीटर. कारखान्यात नवं यंत्र बसवायला आलेला जर्मन. परवा परत जाणार होता. एवढ्या लांबच्या मुलखात आलोय तर एक दिवस डोंगर चढायचाच, असं त्यानं आल्या आल्या सांगून ठेवलं होतं. सकाळी कळसूबाई, दुपारनंतर भंडारदऱ्याला होडी, असा बेत सहादेवनं दोन महिन्यांपूर्वीच ठरवला होता. सहादेव कारखान्यात इंजिनिअर, पण त्याचं इंग्रजी यंत्रापुरतं. बाकीच्या बोलण्याला त्याची बायको, रतन. ती शाळेत इंग्रजी शिकवायची.

"तू नसलीस तर त्याच्याशी बोलायचं कोणी?" मंगळवारी तो म्हणाला होता. त्याच दिवशी ती शेवगावहून, माहेराहून, आली होती. वेणी अजून ओलसर होती. "आणि अण्णांचं त्याला काही सांगू नकोस. पाहुणा माणूस, उगाच संकोचेल. तुझं तर फिटलंच आहे आता."

फिटलं होतं खरं. लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीन दिवस. भाऊ, गोरक्ष, पुरते तेरा दिवस पाळणार होता. हिला चौथ्या दिवशी काकूनं डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं आणि म्हणाली, "झालीस बाई मोकळी."

"ही आमची कळसू लोकाच्या घरी कामाला हुती," वाटाड्या भीमा सांगत होता. तो बारीचाच. दर गुरुवारी वर जाऊन देवीला तेल-नारळ करायचं काम त्याच्या घराकडे. "आधीच बोलली हुती, भांडी घासनार न्हाई, केर काढनार न्हाई. येक दिस घरधन्यानं सांगितलंच. गेली मंग निघून, हितं वर."

रतननं ते इंग्रजीत सांगितलं. डीटरनं काहीतरी विचारलं.

"विचारतोय, तिला परत न्यायला कोणी आलं का?"

"आता आपुन चाललोय की चौघं!" भीमा म्हणाला, आणि सगळे हसले. रतन तोवर चालायला लागली होती.

शेवटच्या कड्याला लोखंडी साखळी सोडलेली होती. ती बघून डीटरचे डोळे चमकले. भीमानं वहाणा काढून दगडाआड ठेवल्या आणि दर खेपेला विचारत असेल तशा आवाजात विचारलं, "कुनाला सुतक-बितक न्हाई ना? आसंल त्यानं हितंच बसायचं. वर देवीचं हाय."

"कुणाला नाही," सहादेव म्हणाला.

रतनचा हात साखळीवर होता. लोखंड गार होतं.

"मला आहे," ती म्हणाली.

सहादेव वळला. "तुला कुठलं? तीन दिवस कधीच झाले. आज सहावा."

"तेरा आहेत."

"ते गोरक्षला! रतन, काय चालवलंयस हे? तू आता आमच्या घरची."

ती भीमाकडे बघत होती.

"कोन गेलं, ताई?"

"वडील."

"मंग बसा," भीमा म्हणाला.

"अरे, पण लेकीला नसतं रे एवढं—"

"सायेब, ते तुमचं तुमी बगा. बाई म्हंत्यात हाय, तर हाय. आमी कोन मोजनारं?"

काय झालं, असं डीटर तिला विचारत होता. तिनं तोंड उघडायच्या आत सहादेव घाईनं म्हणाला, "शी इज टायर्ड. व्हेरी टायर्ड."

डीटरनं समजूतदारपणे मान हलवली, आपली पाण्याची बाटली तिच्याजवळ ठेवली आणि साखळी धरली. त्याच्यामागून भीमा, भीमामागून सहादेव. एकदा त्यानं खाली वळून पाहिलं, मग तोही दिसेनासा झाला.

रतन बसली. पाय कापत होते. तिनं ते कापू दिले.

बऱ्याच वेळानं वर घंटा वाजली.

आधी डीटर उतरला. कपाळभर कुंकू, एक गुडघा खरचटलेला, चेहरा लहान मुलासारखा फुललेला. येताच त्यानं खिशातून खोबऱ्याचा तुकडा काढून तिच्यापुढे धरला.

"सायेब, न्हाई!" कड्याच्या वरून भीमा ओरडला. "त्यास्नी परसाद न्हाई चालायचा!"

डीटरचा हात जागीच थांबला. त्याला शब्द कळले नव्हते, आवाज कळला होता. सकाळपासून पाहत आला होता तसंच त्यानं रतनकडे पाहिलं: काय म्हणतोय तो?

सहादेव साखळीच्या अर्ध्यावर होता. दोन्ही हात अडकलेले.

"रतन," तो वरून म्हणाला.

"तो म्हणतोय," रतन इंग्रजीत म्हणाली, एकेक शब्द सुटा करत, "की माझे वडील शनिवारी गेले."