फोटो नसलेलं शहर

“…आणि शिपायांनी घराघरांतून मुलांच्या खऱ्या आयांचे फोटो गोळा केले,” वाचता वाचता हेमांगीचा आवाज एकदम खाली आला. कादंबरीतल्या त्या शहरात सरकार मुलांना नवे आईबाप नेमून द्यायचं आणि जुन्यांची आठवण काढायलाही बंदी होती. दुकानात पुस्तक उचलताना तिने मागचा मजकूर वाचलाच नव्हता.

“हे राहू दे. दुसरं काहीतरी वाचू,” पुस्तक मिटत ती म्हणाली.

“का? आत्ता कुठे रंगात आलंय!” तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेला निहार कुरकुरला. त्याची आणि थोरल्या रेवतीची आई गेल्यावर हेमांगी लग्न होऊन या घरात आली, तेव्हा तो चार वर्षांचा होता. आठवडाभरात तिला आई म्हणू लागला. आता बारा वर्षांची झालेली रेवती मात्र खिडकीशी बसून ऐकायची, लागेल तेवढंच बोलायची.

आज तीच म्हणाली, “वाचा ना. आपल्याकडे कुठे तसं झालंय? बाबा आईचा फोटो हॉलमधून काढणार होते. तुम्हीच नको म्हणालात. मी ऐकलं होतं.”

 हेमांगी उगाच पानं चाळत राहिली. अक्षरं नीट दिसत नव्हती. रेवती उठून तिला टेकून बसली. तिने पुस्तक घेतलं, पान शोधलं आणि परत हातात दिलं.

“इथून. तू वाच.”

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून ‘तुम्ही’शिवाय काही निघालं नव्हतं. हेमांगीने तीच ओळ दोनदा वाचली. कुणीच तिला टोकलं नाही.