वर्तुळाचा धडा

कॉम्प्युटरवरच्या गणिताच्या प्रोग्रॅममधून दहावीतलं एक नाव काढायला मी बसले होते. तेवढ्यात रॉविनाचे वडील, आंतोन, तिची कंपासपेटी न्यायला आले.

"बाई, माझा चेडू, रॉविना, गणितात खंयपर्यंत इला हुता?"

मी तिच्या नावावर क्लिक केलं. कॉम्प्युटर नेहमीच्या उत्साहात बोलू लागला, "रॉविना, वर्तुळाचा धडा अर्धा राहिलाय. घाई नाही. तू आलीस की इथूनच पुढे जाऊ."

आंतोन स्क्रीनकडे बघतच राहिले. मला ते बघवेना. नाव पुसायला मी माउसवर हात ठेवला.

"पुसू नकात, बाई. चेडू गेला, ता गावात सगळ्यांका ठावक आसा," ते स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाले. "ह्येका तेवढा सांगू नकात."