अर्धपोटी

ऋजुताने उंदीर दुसऱ्यांदा वजनकाट्यावर ठेवला. अर्धपोटी ठेवलेल्या गटातला, आणि तरी गुबगुबीत! कमी खाल्लं तर पेशींतल्या मायटोकाँड्रिया उशिरा थकतात का, म्हातारपण लांबतं का, एवढंच शोधण्यात तिने तीन वर्षं घातली होती.

मागे पिंजरा खडखडला. हा प्रयोग आखणारे देवस्थळी सरच उंदरांना चोरून खाऊ घालत होते.

"सर, तुम्ही?"

"हार्ट अटॅकपासून घरी मलाही मोजूनच वाढतात गं," ते ओशाळून म्हणाले. "आयुष्य वाढतं म्हणे. पण यांच्याकडे बघवेना."

तीनही वर्षं पाण्यात गेली होती. भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. मग डबा उघडून तिने एक पोळी सरांपुढे धरली.

"तूप लावलंय," ती म्हणाली. "घरी सांगू नका."