चिपची किल्ली

"वायफायची चिप आम्हाला विकायची आणि तिची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, याला धंदा नाही, दरोडा म्हणतात," असं त्रिशूरच्या रेजिताने कंपनीला तोंडावर सुनावलं होतं. गावच्या शाळेतले लॅपटॉप खुल्या, फुकट लिनक्सवर चालायचे आणि लिनक्ससाठी ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्राम, देत नाही म्हणत कंपनीने हात झटकले होते. मग रेजितानेच चिपची नाडी ओळखून स्वतःचा ड्रायव्हर लिहिला आणि सगळ्यांसाठी नेटवर ठेवला.

लगेच वकिलाची नोटीस आली: आमचं गुपित चोरलंत, ड्रायव्हर काढा, नाहीतर कोर्टात खेचू.

"काढू नकोस गं पोरी," शाळेच्या अंबुजम टीचर म्हणाल्या. "नव्या लॅपटॉपांत अजून घालायचाय तो. नाहीतर त्यांच्यावर काय नाश्त्याचा पुट्टू वाढू?"

"टीचर, कोर्टात उभं राहायला घर विकू का?" म्हणत रेजिताने दातओठ खात ड्रायव्हर काढून टाकला.

दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या इंजिनिअरचा फोन आला. आवाजात नुसता मध.

"चेची, ताई, तुमचा ड्रायव्हर पुन्हा नेटवर ठेवाल का? आमचे राउटरही लिनक्सवरच चालतात हो. ते बनवताना आम्ही तुमच्याच पानावरून तो उचलायचो. सकाळपासून कारखाना ठप्प आहे."



"ठेवते ना. आधी तुमच्या त्या वकिलाला फोनवर बोलवा," रेजिता म्हणाली, "आणि त्याच्या तोंडून मला ऐकवा, चोर कोण?"